कोर्लईला जायचं तर आधी तिथी बघा

अलिबागहून मुरुडकडे निघालं की रेवदंड्याच्या पुढे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या दक्षिण तीरावर डोंगराची एक अरुंद सोंड थेट समुद्रात घुसली आहे, तीच कोर्लई. सोंडेच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोर्तुगीज किल्ला पसरला आहे. पश्चिम पायथ्याला १९५५ सालचं दीपगृह आहे, खाली काळा खडक आणि वाळू, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. कोकणात किल्ले पुष्कळ आहेत, पण किल्ला, दीपगृह, खडकांतली जीवसृष्टी, किनाऱ्यावरचे पक्षी आणि जगात दुसरीकडे कुठेही न बोलली जाणारी एक भाषा हे सगळं दोन किलोमीटरांच्या आत क्वचितच एकत्र सापडतं. तरीही बहुतेक जण दुपारी बाराला पोचतात, उन्हात पायऱ्या चढतात, दोन फोटो काढतात आणि काशिदला पळतात. नीट पाहायचं असेल तर अर्धा दिवस द्या आणि तो समुद्राच्या वेळेने आखा.

भरतीचं गणित

या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आजही कामाला येतो. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पूर्ण ओहोटी त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना गणित तेच. वेळ अर्धा-पाऊण तास मागेपुढे होऊ शकते, म्हणून दिवस ठरवायला हा हिशेब वापरा आणि खडकात उतरायची वेळ मात्र त्या दिवसाच्या छापील तक्त्यातूनच घ्या. मुंबईच्या भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात आणि कोर्लईला त्या फारशा वेगळ्या नसतात.

दुसरी गोष्ट पाणी किती उतरतं याची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. भरती उंच चढते, ओहोटीला पाणी खूप लांब जातं, एरवी पाण्याखाली राहणारा खडक उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी ना धड चढत ना धड उतरत. भांगाच्या दिवशी किल्ला उत्तम दिसेल, पण खडकांतलं काही दिसणार नाही.

हे दोन्ही जुळवलं की सकाळच्या फेरीसाठी द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी हे सोन्यासारखे दिवस ठरतात. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान येते. दुपारनंतरच येणं जमणार असेल तर त्रयोदशी किंवा चतुर्दशी धरा. ओहोटी चार-पावणेपाचला येते, खडक पाहून सूर्यास्ताला वर जाता येतं. शनिवार-रविवारीच जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीमधले आठ-दहा शनिवार पंचांगावर टाकून पाहा, दोन-तीन तरी नक्की जुळतील.

महिन्यांचं सांगायचं तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी सर्वांत चांगला. ऑक्टोबरमध्ये गवत उंच असतं आणि ऊन जाळतं. मार्चपासून दहा वाजताच दगड तापतात. पावसाळ्यात सोंड हिरवीगार होते आणि वरून दिसणारी तटबंदी अप्रतिम असते, हे खरं. पण पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गवताखाली भगदाडं झाकली जातात आणि खडकांवर तर पाऊलही टाकू नये. जून ते सप्टेंबर किल्ला बघायचाच असेल तर पाऊस नसलेला दिवस पाहा, ठळक वाटेवरूनच चाला आणि खाली किनाऱ्यावर जायचा मोह सोडा.

पोचायचं कसं

मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला लाँच किंवा भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रो, तिथून अलिबाग वीसेक किलोमीटर. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रस्त्याने यायचं तर पेण-वडखळ-अलिबाग. पुण्याहून येणाऱ्यांनाही वडखळमार्गे सोपं. अलिबाग ते रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. रेवदंडा सोडलं की खाडीवरचा साळावचा पूल लागतो. पूल संपल्यावर उजवीकडे वळायचं, डावीकडचा रस्ता रोह्याला जातो. इथून कोर्लई चार-पाच किलोमीटर. एसटीने येणाऱ्यांनी अलिबागहून रेवदंडामार्गे मुरुडला जाणारी गाडी पकडून कोर्लईला उतरावं. तिथून गावातून आणि किनाऱ्याने दीपगृहापर्यंत दोनेक किलोमीटर चाल आहे, सपाट आणि सुंदर. परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा.

स्वतःच्या गाडीने येणारे नेमके शेवटच्या टप्प्यात अडकतात. मुख्य रस्ता सोडून गावात शिरलं की गल्ली अरुंद आहे, आणि गावाबाहेर किनाऱ्याने दीपगृहाकडे जाणारा रस्ता, डावीकडे समुद्र आणि उजवीकडे डोंगर, असा की समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाला मागे घ्यावीच लागते. रविवारी दुपारी इथे दहा गाड्या अडकल्या की तास जातो. सकाळी आठच्या आत आलात तर प्रश्नच येत नाही. मोठी गाडी किंवा मिनीबस असेल तर ती गावाच्या अलीकडे मोकळी जागा पाहून, तिथल्या माणसांना विचारून लावावी आणि पुढे पायी जावं.

याच किनाऱ्यावर कोळीवाड्याची मासळी वाळत असते. बोंबील वलांडीवर टांगलेले, जवळा आणि सुकट वाळूवर किंवा जाळ्यावर पसरलेली. रिकामी जागा दिसली म्हणून गाडी लावलेली ती बरेचदा कोणाची तरी वाळवणाची जागा असते. एका गाडीच्या धुरळ्याने त्या दिवसाचा माल खराब होतो. जागा नक्की मोकळी आहे ना, हे विचारायला अर्धा मिनिटही लागत नाही.

बरोबर काय घ्यायचं

माणशी दोन लिटर पाणी. किल्ल्यावर पिण्याचं पाणी नाही. वरचं टाकं पाहायला छान आहे, प्यायला नाही. टोपी, पूर्ण पायांची विजार, आणि तळव्याला पकड असलेले बंद बूट. इथे चपला दोन ठिकाणी दगा देतात. किल्ल्यावरच्या सुट्या दगडांवर त्या घसरतात आणि खाली खडकात कालवांच्या कडा पाय कापतात. कालवाची कड ब्लेडसारखी असते आणि जखम चिघळते, म्हणून गोड्या पाण्याची एक बाटली, जंतुनाशक मलम आणि पट्टी वेगळी ठेवा. खडकात उतरायचं असेल तर भिजले तरी चालतील असे जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची आणा, नसेल तर कोणाची तरी मागून आणा. तिच्यावाचून इथले निम्मे पक्षी नुसते पांढरे ठिपके दिसतील. किल्ल्यावर स्वच्छतागृह नाही, ती सोय रेवदंड्यालाच उरकून घ्या.

सकाळचा क्रम

समजा तृतीया आहे आणि ओहोटी साडेआठला. सात वाजता दीपगृहाशी पोचा, साडेसातपर्यंत वर, आठपर्यंत किल्ल्याचा डोंगरमाथा, मग खाली येऊन साडेआठ ते नऊ खडक, आणि त्यानंतर पुन्हा सावकाश दीपगृह. चतुर्थी असेल तर वर आणखी पाऊण तास मिळतो. द्वितीयेला उलट करा, आधी खडक आणि मग किल्ला, कारण पावणेआठलाच पाणी तळाला गेलेलं असतं.

किल्ल्याच्या पायऱ्या दीपगृहाच्या आवाराला लागून, त्याच्या मागच्या अंगाने चढतात. फाटक बंद असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा, भिंतीवरून उड्या मारू नका. हे चालू दीपगृह आहे, रात्री त्याच्या दिव्यावर होड्या घरी येतात. वर मनोऱ्यात जाण्यासाठी किरकोळ तिकीट असतं, वेळ दारावर विचारावी. चढ पंधरा-वीस मिनिटांचा आहे. पायऱ्या असल्या तरी त्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे गुडघ्याचा त्रास असणाऱ्यांनी काठी आणावी आणि ती उतरताना वापरावी. त्रास चढताना होत नाही, उतरताना होतो.

किल्ला वाचायचा कसा

वर पोचल्यावर लगेच भटकायला लागू नका. आधी तटावरून दोन्हीकडे पाहा. पूर्वेला खाडी, पलीकडे रेवदंडा, माडांच्या वर डोकावणारा तिथला सातखणी मनोरा. रेवदंडा म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. १५२१ पासून त्यांनी तिथे कोट बांधायला घेतला. खाडीच्या मुखाशी येणारं प्रत्येक जहाज तुम्ही उभे आहात त्या डोंगराच्या टप्प्यात येतं. अहमदनगरच्या निजामशाहीने नेमकं हेच ओळखून इथे किल्ला उभारायला घेतला, आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो घेतला, कारण हा डोंगर दुसऱ्याच्या हातात असताना त्यांचं चौल सुरक्षित नव्हतं. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजांनी चौलला वेढा घातला. शेवटी चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेने पोर्तुगीजांचं उत्तर कोकणातलं बळ मोडलं आणि १७३९-४० मध्ये चौल-कोर्लई मराठ्यांकडे आले. १८१८ मध्ये इंग्रज. एवढा इतिहास डोक्यात असला की पुढचं बांधकाम आपोआप उलगडतं.

किल्ला लांबीला २,८२८ फूट, म्हणजे साडेआठशे मीटरांच्या वर, आणि सरासरी रुंदी जेमतेम ८९ फूट. एवढ्या निमुळत्या जागेत बालेकिल्ला, माची अशी नेहमीची रचना बसत नाही. म्हणून बांधणाऱ्यांनी सोंडेला आडव्या भिंती घालून तिचे कप्पे पाडले. प्रत्येक कप्प्याला आपला दरवाजा. एक कप्पा पडला तरी पुढच्या दारात पुन्हा लढाई. जुन्या मोजणीत एकूण अकरा दरवाजे सांगितले आहेत, सात आत आणि चार बाहेरच्या कोटात. चालताना ते मोजत जा. मुलं बरोबर असतील तर हे काम त्यांना द्या, किल्ला त्यांच्या कायमचा लक्षात राहील.

एखाद्या दरवाज्यापाशी पाच मिनिटं थांबा. चौकटीचे दगड घडीव आहेत, बाजूच्या भिंतीचे त्यामानाने ओबडधोबड. म्हणजे खर्च कुठे केला ते दिसतं. चौकटीच्या आतल्या अंगाला हात फिरवला की आडव्या अडसराची खोबण बोटांना लागते, तिच्या खोलीवरून अडसर केवढा असेल याचा अंदाज येतो. दरवाज्यांवर कुठेकुठे पोर्तुगीज शिलालेख आणि ढालीसारखं राजचिन्ह कोरलेलं आहे. ते दुपारच्या उन्हात सपाट दिसतं आणि सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरं उठून येतात. खडू किंवा कोळसा घासून अक्षरं ठळक करण्याचा जुना प्रकार अजून दिसतो. तो करू नका. दगडाची पापुद्र्यासारखी झीज त्यानेच वाढते. मोबाईलचा दिवा बाजूने तिरका धरला तरी अक्षरं तितकीच स्पष्ट होतात.

माथ्यावर छप्पर नसलेलं चर्च उभं आहे. भिंती आणि कमानी अजून भक्कम आहेत. जवळच पाण्याचं टाकं आणि महादेवाचं देऊळ. पोर्तुगीजांचं देवघर आणि मराठ्यांचं देवघर इतकं शेजारी शेजारी, एकाच टाक्याच्या पाण्यावर. टाक्याच्या तोंडांपाशी लहान मुलांचा हात धरून ठेवा, गवत वाढलेलं असताना तोंडाची कड चटकन दिसत नाही.

माथ्यावरून उत्तरेकडे पाहिलं की दोन्ही तट जवळजवळ येत पायऱ्यापायऱ्यांनी समुद्राकडे उतरत गेलेले दिसतात आणि टोकाला पाण्यालगत बुरूज. कोर्लईचा प्रसिद्ध देखावा तो हाच. त्या टोकापर्यंत जाऊन यायला अर्धा-पाऊण तास वेगळा धरा. उतार आहे, म्हणजे येताना चढ, हे लक्षात ठेवून पाणी संपवू नका.

तटावरून चालायचं टाळा. वड-पिंपळाची मुळं सांध्यात शिरून दगड सुटे झालेले असतात. वरून घट्ट दिसणारा दगड कडेला वजन पडताच उलटतो. वाराही जोराचा असतो आणि पश्चिमेच्या तटावर तो अचानक धक्का देतो. बुरुजाच्या कडेवर पाठमोरं उभं राहून फोटो काढणं म्हणजे हे दोन्ही धोके एकत्र घेणं.

सुटे दगड हाताने उचलू नका. अशा उघड्या कातळाच्या डोंगरावर फुरसं हा विषारी साप दगडाखाली विसावतो. तो लहान असतो, मातीच्या रंगाचा, आणि हलत नाही म्हणून दिसत नाही. बसायच्या आधी जागा काठीने आपटून घ्या. कमानीच्या खाली किंवा झाडावर आग्यामोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून वळसा घ्या. धूर, परफ्युम आणि आरडाओरडा या तीन गोष्टींनी मधमाश्या उठतात. दरवाज्यांच्या अंधाऱ्या कोपऱ्यांत वटवाघळं असतात, त्यांच्या अंगावर टॉर्च मारू नका.

पक्षी

किल्ल्याच्या उत्तर टोकावरून खाडीचं मुख समोर येतं आणि पक्षी डोळ्यांच्या पातळीवर, कधी आपल्या खाली उडतात. घार शिकारी पक्षी असूनही आपण तिच्या पाठीकडे पाहत असतो, ही संधी सपाट किनाऱ्यावर मिळत नाही. तांबूस अंग आणि पांढरं डोकं असेल ती ब्राह्मणी घार. मासळी उतरवायच्या वेळी ती होड्यांवर घिरट्या घालते. तिच्यापेक्षा बराच मोठा, पंख वर उचलून इंग्रजी व्ही अक्षरासारखे धरणारा, पोट पांढरंशुभ्र आणि शेपूट आखूड असा पक्षी दिसला तर तो समुद्रगरुड. तो दिसेलच असं नाही, पण दिसला तर दिवस भरून पावला.

खाली वाळूवर हिवाळ्यात कुरव, म्हणजे सीगल, उतरतात. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे दोघे ओळखताना सगळेच गोंधळतात, कारण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असतात, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका. डोकं बघू नका, डोळा बघा. पूर्ण वाढलेल्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची बुबुळं फिकट असतात, काळ्या डोक्याच्याची गडद. उडाला की पंखांची टोकं बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके ठळक असतील तर तो तपकिरी डोक्याचा. फेब्रुवारीअखेरीस काहींची डोकी रंगायला लागतात, तेव्हा काम सोपं होतं. कुरवांपेक्षा सडपातळ, दुभंगलेल्या शेपटीचे आणि पाण्यात सूर मारणारे ते सुरय. खडकांवर एकटा, राखाडी-काळसर, पिवळ्या पंजांचा बगळा दिसेल. तो समुद्री बगळा. त्याचं पांढरं रूपही असतं, म्हणून पांढरा बगळा दिसला की गायबगळा म्हणून सोडून देऊ नका.

चिखल्या आणि तुतवार हे किनाऱ्यावर चरणारे छोटे पक्षी ओहोटीला पसरून खातात, त्यामुळे तेव्हा ते लांब आणि विखुरलेले असतात. जवळून पाहायचे असतील तर भरती अर्धी चढल्यावर वाळूच्या कोरड्या पट्ट्यापासून पन्नास-साठ पावलं दूर खाली बसून राहा. पाणी त्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. त्यांच्यामागे धावून थवा उडवण्यात मुलांना गंमत वाटते, पण हजारो किलोमीटर उडून आलेल्या त्या पक्ष्यांना दर वेळी उठण्यात खाल्लेलं घालवावं लागतं. मुलांना दुर्बीण द्या, ती आपोआप बसतात.

समुद्र शांत असेल तर टोकावरून पाण्यावरही नजर ठेवा. खाडीच्या मुखांजवळ कुबडवाले डॉल्फिन येतात. ते उंच उड्या मारत नाहीत. आधी लांब चोच, मग राखी पाठ आणि तिच्यावरचा उंचवटा, हळूच वर येऊन नाहीसा होतो. एकदा दिसला ती जागा सोडू नका, मिनिट-दोन मिनिटांत जवळपासच पुन्हा वर येतो.

खडकांत

दीपगृहाजवळच्या खडकांवर पूर्ण ओहोटीच्या आधी दीड तासापासून उतरता येतं, आणि ओहोटीनंतर अर्ध्या तासाने परत फिरायचंच. मोबाईलला गजर लावा. पाणी समोरून येताना दिसतं असं आपल्याला वाटतं, पण खडकात ते आधी मागच्या घळींत भरतं आणि परतीची वाट तुटते. सोंडेच्या पायथ्याने पूर्ण वळसा घालून पलीकडे खाडीच्या बाजूला निघण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. आणि इथे पोहू नये. नदीचं मुख आहे, ओहोटीला खाडीचं पाणी समुद्राकडे जोराने ओढतं.

वाटीएवढं डबकं निवडा आणि त्याच्यापाशी उकिडवं बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. पहिलं मिनिट काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो. गोगलगाय असती तर सरकत गेली असती, हा तर झटक्याझटक्याने पळतो, म्हणजे आत शंखवासी खेकडा आहे. आणखी दोन मिनिटांनी खडकाचा तुकडा वाटलेला छोटा मासा जागा बदलतो. कडेला मऊ, चिकट गोळा दिसतो, तो समुद्रफूल. पाण्याखाली असताना त्याचे तंतू उघडलेले असतात, उघडा पडला की तो मिटून घेतो. खडकांच्या कोरड्या माथ्यावर काळ्या-राखाडी शिंपल्या एकमेकींना चिकटून बसलेल्या दिसतील. पाणी येईपर्यंत ओल धरून ठेवायची त्यांची ती रीत आहे, म्हणून त्या उपटू नका.

दगड उलटला तर तसाच, त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरतात. सुंदर नक्षीचा निमुळता शंख दिसला तर हात लावू नका, कोन जातीचा जिवंत शंख विषारी दंश करतो. रिकामा दिसणारा शंखही खिशात घालू नका, तो कोणाचं तरी घर असतो किंवा होणार असतो. कपारीत बोटं घालू नका. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला किनाऱ्यावर निळे फुगे आणि लांब निळे धागे आलेले दिसतात, ते ब्लूबॉटल. मेलेले दिसले तरी त्यांचा डंख शिल्लक असतो.

गाव आणि त्याची भाषा

परतताना गावात थांबा. इथलं माउंट कार्मेलचं चर्च रविवारी सकाळी भरलेलं असतं. आत जायचं तर मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, संपल्यावर, डोक्यावरची टोपी काढून आणि आवाज बंद ठेवून. १७४० नंतर पोर्तुगीज निघून गेले, ख्रिस्ती कुटुंबं राहिली. आजूबाजूला सगळी मराठी आणि मध्ये खाडी, अशा एकांतात त्यांची पोर्तुगीजमधून घडलेली बोली टिकली. साळावचा पूल तर अगदी अलीकडचा, १९८० च्या दशकातला. बोलणारे तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. ती बोलणारी माणसं आज हजाराच्या आतबाहेर आहेत. शब्द बरेचसे पोर्तुगीज, पण वाक्याचा बांधा आपल्या ओळखीचा, क्रियापद शेवटी. पावणेतीनशेहून जास्त वर्षं मराठीच्या शेजारात राहिल्याचा तो परिणाम.

एखाद्या दारात बसलेल्या काकींकडे ती ऐकायला मिळाली तर मान द्या. कॅमेरा रोखून दोन वाक्यं बोलून दाखवा म्हणणं अपमान आहे. आधी ओळख करून घ्या, सुकट विकत घ्या, मग विचारा. सगळ्यांना मराठी उत्तम येतं.

वाटेवर आणखी

अलिबागहून येताना पाचेक किलोमीटरवर आक्षी लागतं. शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा तिथला शिलालेख मराठीतला सर्वांत जुना मानला जातो, आणि आक्षीचा किनाराही हिवाळी पक्ष्यांसाठी उत्तम आहे. दुपारी ओहोटी असलेल्या दिवशी सकाळ आक्षीला आणि दुपार कोर्लईला, अशी विभागणी छान बसते.

मुक्काम करणार असाल तर दुसरा दिवस फणसाडला द्या. मुरुडजवळचं हे अभयारण्य १९८६ मध्ये झालं, चोपन्न चौरस किलोमीटरांच्या आसपास, पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव जंगल. प्रवेश सुपेगावकडून आहे. शेकरू पाहायचा तर सकाळी सातच्या आत जंगलात असायला हवं, म्हणून आदल्या रात्री काशिद किंवा मुरुडला राहावं, अलिबागला नाही. तिथे पंचांगाची गरज नाही, पण कोर्लईचे भिजलेले बूट रात्रीच वाळत घाला, नाहीतर जंगलातल्या चालीत टाचेला फोड येतील.